जमिनीवरचा आवाज, वरचा आवाज: 'स्पेस ऑडिटी'ची बांधणी

ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचं 'स्पेस ऑडिटी' हे गाणं माणूस चंद्रावर उतरला त्या वेळचं विजयगीत आहे, असा समज फार पसरलेला आहे. रेकॉर्ड 11 जुलै 1969 ला बाजारात आली, अपोलो 11 ने 16 जुलैला उड्डाण केलं, त्यामुळे समज होणं साहजिक आहे. पण गाणं शेवटपर्यंत ऐकलं तर त्यात कोणीच कुठे उतरत नाही. उड्डाण होतं, कौतुक होतं, अंतराळवीर यानाबाहेर पडतो, मग संपर्क तुटतो आणि गाणं संपतं. आज मला मांडायचं आहे ते एवढंच: या गाण्याची सगळी बांधणी, अगदी कोणतं वाद्य कुठे यावं इथपर्यंत, त्या तुटण्यासाठी केलेली आहे. आणि गाण्याचा पुढचा प्रवास पाहिला तर बहुतेकांनी त्याचा पहिला अर्धा भागच ऐकला, असं म्हणावं लागतं.

गाणं लिहिलं गेलं ते एका गरजेपोटी. बोवीचा व्यवस्थापक केन पिट त्याची ओळख करून देणारी एक फिल्म तयार करत होता आणि तिच्यासाठी त्याला एक नवं गाणं हवं होतं. स्टॅन्ली क्युब्रिकचा '2001: अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट 1968 मध्ये येऊन गेला होता, गाण्याच्या नावातली कोटी तिथूनच आली. डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चंद्राभोवती फिरून आलं आणि काळ्या आकाशातल्या निळ्या पृथ्वीचं रंगीत छायाचित्र जगाने पाहिलं. गाण्यातली पृथ्वी निळी आहे, ती त्याच दिवसांतली.

स्टुडिओतलं पहिलं ध्वनिमुद्रण 2 फेब्रुवारी 1969 ला लंडनच्या 'मॉर्गन'मध्ये झालं. ते आवर्जून ऐका, कारण मूळ कल्पना त्यात उघडी दिसते. त्या वेळी बोवी आणि जॉन हचिन्सन जोडीने गायचे. नियंत्रण कक्षाच्या ओळी हचिन्सनच्या वाट्याला आणि अंतराळवीर मेजर टॉमच्या ओळी बोवीच्या. म्हणजे हा सरळ संवाद होता: एक माणूस खाली, एक वर. पुढे जोडी फुटली आणि दोन्ही भूमिका बोवीकडे आल्या. एकाच गळ्यातून दोन माणसं वेगळी कशी ऐकवायची, हा प्रश्न तिथून सुरू झाला. ती फिल्म मात्र डब्यातच राहिली; लोकांसमोर यायला 1984 उजाडलं.

फिलिप्स या रेकॉर्ड कंपनीसाठी गाणं नव्याने करायचं ठरलं तेव्हा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने ते घ्यायला नकार दिला. चंद्रमोहिमेच्या लाटेवर स्वार होण्याची ही युक्ती आहे, असं त्याचं मत होतं. उरलेला अल्बम त्यानेच केला, पण हे गाणं गस डजनकडे गेलं. डजनने संगीतरचनाकार पॉल बकमास्टरला सोबत घेतलं आणि स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी दोघांनी सगळं कागदावर मांडून ठेवलं. डजन काही स्वरलिपी लिहिणारा नव्हता. त्याने शब्दांच्या वर-खाली रंगीत खुणा केल्या: इथे व्हायोलिनं, इथे मेलोट्रॉन, इथे गिटार, इथे काहीच नाही. शेवटची खूण सगळ्यांत महत्त्वाची. या गाण्यात पोकळी ऐकू येते, कारण कोणी कधी गप्प राहायचं हे आधीच ठरलं होतं.

20 जून 1969 ला लंडनच्या सोहो भागात, ट्रायडंट स्टुडिओत मुद्रण झालं. बासवर हर्बी फ्लॉवर्स, ड्रम्सवर टेरी कॉक्स, इलेक्ट्रिक गिटारवर मिक वेन, मेलोट्रॉनवर रिक वेकमन. बोवीकडे बारा तारांची गिटार, स्टायलोफोन आणि टाळ्या. शिवाय बकमास्टरची तंतुवाद्यं आणि बासऱ्या. बाजारात रेकॉर्ड यायला तीन आठवडे उरले होते.

आता स्वरांकडे. पेटी समोर असेल तर पांढरी एकला सा धरा, म्हणजे कॉर्डची, एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांची, नावं पाठ नसली तरी अडणार नाही. सुरुवातीला दोन कॉर्ड आलटून पालटून येतात: एफ मेजर सेव्हन, म्हणजे म-ध-सा-ग, आणि ई मायनर, म्हणजे ग-प-नी. घर, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, कुठलं ते अजून कळत नाही. मग आवाज लागतो तेव्हा सी आणि ई मायनर सुरू होतात: सा-ग-प आणि ग-प-नी. दोघांत ग आणि प सामाईक, फक्त सा खाली सरकून नी होतो आणि परत वर येतो. जेमतेम हालचाल. यान अजून तळावरच उभं आहे आणि गाणंही जागचं हललेलं नाही. त्यानंतर खर्जात ध, प, तीव्र मध्यम अशी पायरीपायरीने उतरण येते. गिटारवाल्यांच्या भाषेत ए मायनर, तोच ए मायनर जी बासवर, आणि डी सेव्हन एफ शार्प बासवर. हे दोनदा होतं. दुसऱ्या वेळी खालून उलटी मोजणी चालू असते आणि गाणाऱ्या आवाजाखाली बरोबर एक सप्तक खाली त्याचाच दुसरा आवाज धरलेला असतो. त्या खालच्या आवाजाने नियंत्रण कक्षाला वजन येतं. दोन माणसं वेगळी करण्याचा हा पहिला उपाय.

उड्डाणानंतर कॉर्ड येतात सी, ई मेजर, एफ, एफ मायनर आणि परत सी. यातला एकच धागा कानाने धरा: प, कोमल ध, शुद्ध ध, पुन्हा कोमल ध, प. सगळं शुद्ध स्वरांत चाललेलं असताना तो कोमल धैवत दोनदा डोकावतो. चढताना त्याने उत्साह येतो आणि उतरताना तोच स्वर हुरहुर लावतो. स्वर एकच, पण एकदा ई मेजरच्या पोटात आणि एकदा एफ मायनरच्या, म्हणून रंग बदलतो. नियंत्रण कक्ष अभिनंदन करतो ते याच चालीत, आणि मेजर टॉम दाराबाहेर पाऊल टाकतो तेही याच चालीत. इथपर्यंत दोघांची भाषा एक आहे. पुढे टॉम एकटा गातो तेव्हा सुरुवातीच्या त्या बेघर कॉर्ड परत येतात, एफ मेजर सेव्हन आणि ई मायनर. सुरुवातीला जे वाजत होतं ते त्याच्या एकटेपणाचं संगीत होतं, हे आत्ता कळतं. मग कोमल नी, ध, प, म असा बास एकेक पायरी खाली येतो आणि टॉम सांगतो की आता आपल्या हातात काही नाही.

कडव्यानंतरचा वाद्यांचा तुकडा सी, एफ, जी, ए, ए असा आहे, टाळ्यांसकट. हा ए मेजर आहे. त्यात कोमल रिषभ येतो आणि साच जागचा हलतो. एवढ्या शांत ओळीनंतर असा ठसठशीत तुकडा का, असं अनेकांना वाटतं. माझ्या मते डजनची ही सगळ्यांत धीट जागा आहे. गाण्याला रॉक म्हणायला आधार आहे तो या पाच ठोक्यांचा.

आणि मग तो तुटण्याचा क्षण. नियंत्रण कक्ष पुन्हा पुन्हा विचारतो, ऐकू येतंय का; शेवटच्या वेळी त्याचा प्रश्न अर्ध्यावर राहतो आणि त्याच जागेवर, श्वासाचीही फट न ठेवता, टॉमची ओळ सुरू होते. संपर्क तुटल्याचा कुठलाही खास आवाज वापरलेला नाही. गाणं शेवटी ई मेजरवर विरत जातं: ग, कोमल ध, नी. सा परत येतच नाही.

वाद्यांबद्दल थोडं सविस्तर बोलतो. स्टायलोफोन हे तेव्हा नव्याने निघालेलं, मुलांच्या खेळण्यात मोडणारं वाद्य. धातूच्या पट्ट्यांवर तारेने जोडलेली लेखणी टेकवली की सर्किट पूर्ण होतं. प्रत्येक पट्टीमागे रोध वेगळा, म्हणून स्वर वेगळा. एका वेळी एकच स्वर निघतो. जोरात दाबलं काय, हळू दाबलं काय, आवाज तेवढाच, मधमाशीसारखा. ज्या वाद्यात हाताचं वजन उतरत नाही ते माणसापेक्षा यंत्रासारखं वाटतं, आणि इथे तेच हवं होतं. वाजवताना लेखणी उचलली की स्वर तुटतो आणि घासत नेली तर मधले सगळे स्वर बोलतात. म्हणून लांबलचक, स्थिर स्वरांपुरता त्याचा वापर शहाणपणाचा.

मेलोट्रॉनचं दुखणं वेगळं. त्याच्या प्रत्येक कळीखाली टेपची एक पट्टी असते आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा एकेक स्वर मुद्रित केलेला असतो. कळ दाबली की पट्टी पुढे सरकते, सोडली की स्प्रिंगने मागे येते. पट्टी साधारण आठ सेकंदांची. तेवढ्यात कळ सोडली नाही तर आवाज संपतो. पट्ट्या ओढणारी मोटर एकच, त्यामुळे एकदम बऱ्याच कळा दाबल्या की तिची गती मंदावते आणि सूर उतरतो. वेकमन या यंत्राला सुरात ठेवतो अशी त्याची ख्याती होती, म्हणून व्हिस्कॉन्टीनेच त्याचं नाव सुचवलं. वय 20 वर्षं, मानधन 9 पौंड. खरी तंतुवाद्यं स्टुडिओत असताना हे खोटं यंत्र कशाला? कारण दोन्ही एकत्र वाजली की खऱ्या व्हायोलिनांच्या कडेने तो किंचित डळमळणारा सूर राहतो, आणि आवाज कुठून येतोय हे ठरवता येत नाही. उड्डाणाच्या जागी तंतुवाद्यं सूर घासत वर चढतात तिथे हे लक्ष देऊन ऐका.

हे गाणं बसवणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. सुरुवात फार मोठ्याने होते. मूळ मुद्रणात ती जवळजवळ शून्यातून वर येते आणि ड्रमवर फक्त हलकी लष्करी टकटक असते. दुसरी चूक म्हणजे हाताला ई मायनरची सवय झालेली असते, त्यामुळे उड्डाणानंतरही ई मायनरच वाजतो आणि तो कोमल धैवत गायब होतो. डी सेव्हन साधा वाजवला तर खर्जातली उतरण मोडते. अंगठा वरून आणून सहाव्या तारेचा दुसरा पडदा धरा. मोजणी चालू असताना आवाज वाढवायचा असतो, पण लयच वाढते आणि पुढचा भाग धावत सुटतो. ड्रमवाल्याने तिथे लय हातात ठेवायची, चढाव फक्त आवाजाचा. टाळ्यांच्या तुकड्यात शेवटचा ए दोनदा आहे. एकदाच मारला की सगळे घसरतात. आणि खालच्या सप्तकासाठी दुसरा गायक नसेल तर कीबोर्डने ती जागा भरू नका, सरळ रिकामी ठेवा.

आता गाण्याचं बाहेर काय झालं ते. ब्रिटनमधल्या टीव्हीवर चांद्रमोहिमेच्या प्रसारणात ते वाजवलं गेलं, असं बोवीने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. शब्द कोणी ऐकलेच नसावेत, याची त्याला गंमत वाटली होती. विक्री मात्र लगेच झाली नाही. विक्रीच्या ब्रिटिश यादीत गाणं शिरलं ते सप्टेंबरमध्ये, 48 व्या क्रमांकावर. मग बाहेर पडलं, पुन्हा आलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाचवं झालं. म्हणजे खरं यश चंद्राचा गाजावाजा ओसरल्यावरचं. अमेरिकेत तर 1973 च्या नव्या आवृत्तीने ते 15 व्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये 1975 साली ते पुन्हा काढलं तेव्हा बोवीला पहिल्यांदा पहिला क्रमांक मिळाला. इटलीत 1970 मध्ये त्याच चालीवर इटालियन गीतकार मोगोलने लिहिलेले शब्द घेऊन बोवीने एका एकट्या मुलाचं आणि एकट्या मुलीचं प्रेमगीत गायलं. अंतराळाचा त्यात मागमूस नाही. चाल एवढी सोशिक निघाली, याचंच मला नवल वाटतं.

खुद्द बोवीने 1980 मध्ये 'ॲशेस टू ॲशेस'मध्ये मेजर टॉमला व्यसनी करून परत आणलं आणि तेही ब्रिटनमध्ये पहिलं आलं. त्याच सुमारास त्याने हे गाणं गिटार, पियानो, बास आणि ड्रम्स एवढ्यावर पुन्हा मुद्रित केलं. उड्डाणाच्या जागी तंतुवाद्यं नाहीत, गिटारची घसरण नाही. मोजणी संपते आणि काही सेकंद काहीच वाजत नाही.

12 मे 2013 ला कॅनडाचा अंतराळवीर क्रिस हॅडफिल्डने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून गायलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पियानोची बाजू गायिका एम ग्रायनरने जमिनीवर तयार केली होती. शब्द बदलले होते, कारण याच्या गाण्यातला अंतराळवीर घरी परततो. तेव्हा वादन-गायनापेक्षा परवानगी जड गेली. बोवी अनुकूल होता, पण या गाण्याचे प्रकाशनहक्क त्याच्याकडे नव्हते. परवानगी एक वर्षाची मिळाली, मे 2014 मध्ये चित्रफीत उतरवावी लागली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती परत आली. 2018 मध्ये फाल्कन हेवी रॉकेटवरून सोडलेल्या मोटारीतही हेच गाणं लावलेलं होतं, निर्वात पोकळीत, जिथे ते ऐकायला हवाच नाही.

2019 मध्ये 50 वर्षांनिमित्त गाण्याचं नवं मिक्सिंग झालं. ते केलं टोनी व्हिस्कॉन्टीने. घरी ऐकायचं असेल तर मॉर्गन स्टुडिओतलं फेब्रुवारीचं मुद्रण आधी लावा, मग जूनमधलं ट्रायडंटचं आणि शेवटी हे मिक्सिंग. हेडफोन लावा आणि कोण बोलतंय ते ओळीगणिक ओळखत जा. तिसऱ्यांदा ऐकताना ती अर्धवट राहिलेल्या प्रश्नाची जागा तुम्हाला आधीच दिसायला लागेल.