घाटाचा सांधा

(दृश्य: पहाटेचा अंधार. मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी टेम्पो. चार जण एक लांब लाकडी पेटी उतरवताहेत.)

या पेटीत बोरघाट आहे. घाटाचे दोन तुकडे, एकमेकांकडे तोंड करून, दोन्ही टोकांना फळ्या लावून आवळलेले. एक सुलटा, एक उलटा. उलट्या तुकड्यावरची झाडं जागची हलत नाहीत, खडी सांडत नाही, बोगद्याच्या कपाळावरचा दगडही सुटत नाही. यातलं काही सुटलं, तर दोष टेम्पोवाल्याचा नाही, आमचा. प्रदर्शनासाठी बांधलेल्या छोट्या, मॉडेल रेल्वेनं प्रवास सोसलाच पाहिजे.

अशा पेट्या चार. तीन जुन्या आहेत. चौथी आज पहिल्यांदा लोकांसमोर उघडणार आहे.

(दृश्य: पेट्या हॉलमध्ये. जमिनीवर खडूच्या खुणा.)

खरा घाट ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं 1856 मध्ये बांधायला घेतला. 1863 मध्ये गाडी वर पोचली. 25 बोगदे, सुमारे 25 किलोमीटरची वाट, आणि तेवढ्यात 558 मीटरची चढण. सगळ्यात खडा चढ 37 ला 1. म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की गाडी एक मीटर वर आलेली असते.

आमचं प्रमाण एचओ, म्हणजे 87 ला 1. पुण्यात हे प्रमाण अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते कोथरूडला, बी. एस. जोशी यांनी 1998 मध्ये सुरू केलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात. त्या काचेला नाक लावून उभी राहिलेली पोरं आज चाळिशीकडे आलीत. त्यातले दोघं आमच्या गटात आहेत.

या प्रमाणात अख्खा घाट करायचा म्हटलं तर रूळ लागतात सुमारे 290 मीटर, आणि लोणावळ्याचं टोक कर्जतच्या टोकापेक्षा सहा मीटरहून जास्त उंच जातं. घराच्या गच्चीवर लोणावळा आणि अंगणात कर्जत. म्हणून आम्ही ठाकूरवाडी ते मंकी हिल एवढ्याच भागातले काही देखावे निवडले, मधली अंतरं गाळली आणि काळ ठरवला 1980 च्या दशकातला ऑगस्ट. सव्वा मीटरला थोडे कमी असे, 1.2 मीटरचे सहा बोर्ड, म्हणजे घाटाचे सहा लाकडी तुकडे, झाले. 7.2 मीटरचा घाट.

मापांबद्दल एक कबुली इथंच देतो. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटरचा. 87 नं भागलं तर 19.3 येतात. पण एचओचा तयार रूळ जगभर 16.5 मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या गेजवरून आलाय. आमचा घाट रुळांमध्ये जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद आहे. रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाच्या ते लगेच नजरेत भरतं. 19.3 चा रूळ हातानं घडवायचा, प्रत्येक इंजिनाची चाकं बदलायची, आणि मग दुसऱ्या कुणाचीच गाडी आपल्या रुळावर चालणार नाही. आम्ही ते केलं नाही. मला अजून ते खुपतं.

(दृश्य: एका बोर्डाचं टोक, अगदी जवळून. पितळी खुंटी आणि वाटी.)

आता हे टोक बघा. घरातला लेआउट, म्हणजे देखाव्यासकट मांडलेली छोटी रेल्वे, आणि प्रदर्शनातला लेआउट यांच्यातला खरा फरक इथं दिसतो. घरच्या रुळाला कापायची वेळ येत नाही. इथं दर 1.2 मीटरवर रूळ तुटतो, आणि दर प्रदर्शनात तो पुन्हा जुळावा लागतो. आमच्या डब्यांच्या चाकाची कड जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर खोल असते. सांध्यावर एक रूळ दुसऱ्यापेक्षा तेवढा सरकला की चाक वर चढतं आणि डबा दरीत.

म्हणून दोन बोर्डांच्या टोकाच्या फळ्या एकाच प्लायमधून कापायच्या, एकमेकींवर ठेवून शिकंजात आवळायच्या, आणि दोन्हींतून भोकं एकाच वेळी पाडायची. त्यात पितळी डॉवेल बसतात. एका बाजूला खुंटी, दुसऱ्या बाजूला वाटी. बोर्ड जुळवायचं काम डॉवेलचं. नट-बोल्ट फक्त धरून ठेवतात. रूळ टाकायचा तोही सांध्यावरून सलग. सांध्याच्या दोन्ही कडांना पितळी स्क्रू पिळायचे, त्यांच्या डोक्यावर रूळ सोल्डरनं पक्का करायचा, आणि मग बारीक चकतीनं कापायचा. आधी कापून मग जुळवू म्हणणाऱ्याचा सांधा कधीच जुळत नाही.

लेआउट वाढवायचा म्हणजे नेमकी इथंच पंचाईत. सहाव्या बोर्डाचं टोक पाच वर्षांपूर्वी कापून झालं होतं.

(दृश्य: जुने फोटो. मागच्या एका प्रदर्शनातली गर्दी.)

वाढवायचं कारण एक आजोबा. मागच्या एका प्रदर्शनात ते तासभर उभे होते. गाडी खालून चढत यायची, मागं बँकर इंजिनं ढकलत असायची, ते नुसते मान डोलवायचे. शेवटी आमच्यातल्या एकाला म्हणाले, "बाळा, सगळं छान केलंत. पण रिव्हर्सिंग कुठंय? माझे वडील तिथं फायरमन होते."

खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराच्या नाकावर गाडीला वळायला जागाच नव्हती, म्हणून गाडी तिथं येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उरलेला घाट गाडी उलट्या दिशेनं चढायची. 1929 मध्ये नव्या बोगद्यांची वाट झाली आणि रिव्हर्सिंग बंद पडलं. त्याच वर्षी पुण्यापर्यंत विजेची गाडी आली. दख्खनची राणी धावू लागली ती 1 जून 1930 ला.

तारखा नीट बघितल्यात? आमच्या घाटात डब्ल्यूसीएम-5 हे विजेचं इंजिन धावतं. त्या जातीचं पहिलं इंजिन चित्तरंजनच्या कारखान्यातून 1961 मध्ये बाहेर पडलं, त्याचं नाव 'लोकमान्य'. आमच्या काळात रिव्हर्सिंग चालू दाखवणं म्हणजे इतिहासाशी खोटं बोलणं. गटात महिनाभर वाद झाला. काही जण म्हणाले, सगळा घाटच 1928 वर नेऊ, वाफेची इंजिनं आणू. मला ते पटलं नाही. आम्ही ज्या खिडकीतून घाट पाहिला ती खिडकी 1980 च्या दशकातली होती. विजेच्या तारा, कर्जतला मागं लागणारी डब्ल्यूसीजी-2 बँकर इंजिनं, फलाटावरचा वडापाव. आठवणीतलं बांधलं की हात आपोआप नीट चालतो.

शेवटी ठरलं, रिव्हर्सिंग करायचं, पण ओसाड. रूळ उखडलेले. फलाटाच्या दगडांतून कारवी उगवलेली. आणि त्याच बोर्डावर खालून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि त्यावरचा अमृतांजन पूल. खरा पूल 2020 मध्ये पाडला. पावसात घाट चढताना ज्यांनी तो पूल पाहिलाय, त्यांना तो इथं दिसेल.

(दृश्य: कार्यशाळा. प्लाय, रंधा, गुण्या, पाणसळ.)

दोन नवे बोर्ड. सातवा आणि आठवा. कागदावर दोन दिवसांचं काम वाटलं होतं.

पहिला हिशेब चढाचा. 37 ला 1 म्हणजे मीटरला 2.7 सेंटिमीटर. सहा बोर्डांत गाडी साडेएकोणीस सेंटिमीटर चढते, आठ बोर्डांत जवळजवळ 26. वरच्या टोकाला आमचं फिडल यार्ड असतं, पडद्यामागचं सपाट यार्ड, जिथं गाड्या उभ्या करून पुन्हा खाली सोडतात. ते यार्ड आता साडेसहा सेंटिमीटर वर उचलायला हवं. पायांना पातळी साधायचे बोल्ट होते, पण त्यांची धाव दोनच सेंटिमीटर. म्हणजे सगळे पाय नवे. आणि वरच्या टोकाचा रूळ पोरांच्या डोळ्यांच्या वर गेला, म्हणून समोर ठेवायला लाकडी पायऱ्याही केल्या.

मग सहाव्या बोर्डाचं ते कापलेलं टोक. त्याच्यावरची भोकं यार्डाच्या फळीशी जुळलेली होती. ती जुनी फळीच साचा म्हणून वापरली आणि सातव्याच्या फळीची भोकं तिच्यावरून पाडली. डॉवेल चपखल बसले. रूळ मात्र बसेना. अखेर सहाव्या बोर्डाचा शेवटचा 10 सेंटिमीटर रूळ, खडीसकट, पटाशीनं खरवडून काढला. पाच वर्षांत पावसाचा, गंजाचा, तेलाचा रंग चढवलेला तो तुकडा होता. नवा रूळ दोन्ही बोर्डांवरून सलग टाकला आणि पुन्हा कापला.

हे सगळं मे महिन्यात. ऑगस्टमध्ये जोडायला गेलो तर सांधा अर्धा मिलिमीटर वर. प्लाय फुगलं होतं. जुने बोर्ड आम्ही सगळीकडून वॉर्निश केले होते. नव्यांच्या कापलेल्या कडा घाईत कोऱ्या राहिल्या होत्या. प्लाय पाणी पितं ते कडेतून. सुकवलं, कडा तीनदा वॉर्निशनं बंद केल्या, आणि गणपती झाल्यावर सांधा पुन्हा बांधला.

(दृश्य: प्लास्टरवर कोरणारा हात. काळा दगड, थरांथरांचा.)

डोंगर करताना परदेशी साच्यांचे दगड इथं चालत नाहीत. सह्याद्रीचा काळा पत्थर आडव्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. थर्मोकोलवर प्लास्टर ओतायचं आणि अर्धवट सुकलं की पटाशीनं थर कोरायचे. गवताला विजेच्या भारानं उभं राहणारे तंतू, झाडांखाली वाळवलेला चहाचा चोथा, ओहोळाला चकाकणारं जेल.

सगळ्यात अवघड गेलं ते हिरवं. जुन्या बोर्डांचं गवत धुळीनं आणि दिव्यांनी मावळलेलं, नव्यांचं टवटवीत. लांबून दोन वेगळे डोंगर वाटायचे. म्हणून जुन्या सहाही बोर्डांवर नव्या हिरव्याचा हलका हात फिरवला, आणि सांध्याची रेघ सरळ दिसू नये म्हणून तिच्यावर दगडी पुस्ता आणला. पुस्त्याशी एक कीमन उभा आहे, खांद्यावर हातोडा, डोक्यावर इरलं. उंची 2 सेंटिमीटर. पावसात हा घाट चालून तपासणारी माणसं आजही आहेत. त्याला सांध्यावरच ठेवायचं, यावर कुणाचाही वाद झाला नाही.

(दृश्य: हॉल भरलेला. पहिली गाडी खालच्या यार्डातून निघते.)

आठ डबे, पुढं एक इंजिन, मागं दोन बँकर. तीन इंजिनं एकाच वेगानं चालावी लागतात. आमच्या पहिल्या प्रदर्शनात मागचं इंजिन किंचित पळकं होतं, वळणावर तिसरा डबा उचलला गेला आणि दरीत पडला. आता डीसीसीवर, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणाऱ्या डिजिटल यंत्रणेवर, प्रत्येक इंजिनाचा वेग पायरीपायरीनं जुळवलेला असतो. वळणाच्या कडेला पारदर्शक पट्टीही आहे.

गाडी मंकी हिल ओलांडते. सहावा सांधा. पुढचं इंजिन गेलं. पहिला डबा, दुसरा, तिसरा. आवाजात फरक नाही. बँकर आले, गेले. गाडी पुलाच्या वरच्या अंगानं वळते आणि ओसाड फलाटाच्या बाजूनं चढत राहते.

आजोबा आलेत. नातवानं आणलंय. ते पायरीवर चढत नाहीत, त्यांची उंची पुरते. बराच वेळ त्या फलाटाकडे बघतात. मग म्हणतात, "दरीच्या बाजूची भिंत उंच हवी. वडील मला उचलून दाखवायचे."

(दृश्य: रात्र. आठवा बोर्ड उलटा करून पेटीत बसवला जातोय. त्याच्या पोटावर पेन्सिलनं लिहिलेल्या ओळी.)

प्रत्येक बोर्डाच्या पोटावर आम्ही त्या-त्या प्रदर्शनात सापडलेले दोष लिहितो. आज आठव्यावर तीन ओळी आहेत. डावीकडची फीडर वायर (रुळाला वीज देणारी) सैल. पुलाखालचा दिवा लुकलुकतो. दरीकडची भिंत उंच करणे, आजोबांना विचारून.