नव्वद मिनिटं आमची, पुढची सहा मुंबईची

नमस्कार मंडळी. आज फुटबॉलवर बोलायचंय, आणि तेही हरलेल्या मॅचवर, त्यामुळे ज्यांना फक्त आनंदाच्या गोष्टी ऐकायच्यात त्यांनी खुशाल चहा टाकायला उठावं, बाकीच्यांनी थांबा. मॅच आहे २४ एप्रिल २०२४ ची. फातोर्डा स्टेडियम, मडगाव. इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची सेमी फायनल, पहिला लेग (दोन मॅच असतात, एक घरी, एक बाहेर, दोन्हींचे गोल मिळून निकाल), एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. ज्यांना माहितीय त्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला असणार, मला इथून दिसतोय तो.

आधी एक खुलासा करतो, कारण हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. मी सावंतवाडीकडचा, म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्राचा, मग मुंबई जिंकली तर तुझं काय जातं रे बाबा? अहो, अंधेरी, म्हणजे मुंबई सिटीचं ग्राउंड, आमच्यासाठी रात्रभराच्या ट्रेनवर आहे आणि फातोर्डा म्हणजे पत्रादेवी ओलांडली, पणजी मागे टाकली, झुआरीच्या पुलावरून वेर्णा करून गेलं की आलंच. आमच्या बांद्या-सावंतवाडीकडची कितीतरी पोरं रोज गोव्यात कामाला जातात, संध्याकाळी परत येतात, आणि मॅचच्या दिवशी परत येत नाहीत एवढंच. टीम काय जिल्हा बघून निवडतात का? जिथे जाऊन घसा बसतो ती आपली टीम.

तर त्या दिवशी बुधवार. संध्याकाळी साडेसातची मॅच, एप्रिलचा उकाडा, स्टेडियमच्या बाहेर रस ऑम्लेटच्या गाड्यांवर ही गर्दी, सगळे ऑरेंज जर्सीत, आणि मूड असा की फायनलचं तिकीट जणू खिशातच आहे. त्याला कारणही होतं. चारच दिवस आधी, २० तारखेला, याच ग्राउंडवर चेन्नईयिनला नॉकआउटमध्ये २-१ हरवून आलो होतो. आणि मुंबई? मुंबई १५ तारखेला कोलकात्यात मोहन बागानकडून हरून लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमची शील्ड घालवून आलेली. म्हणजे आमच्या डोक्यात हिशोब असा होता की ते खचलेत, आम्ही फॉर्मात आहोत. कोणी हा हिशोब केला नाही की लीगमध्ये पहिल्या दोनात असल्यामुळे ते थेट सेमीत आलेत, त्यांचे पाय नऊ दिवस आराम केलेले आहेत, आणि आमचे चार दिवसांपूर्वी नव्वद मिनिटं पळालेले आहेत. हे मी आत्ता शहाणपण म्हणून सांगतोय असं नाही, मॅचमध्येसुद्धा ऐंशीव्या मिनिटानंतर ते डोळ्याला दिसत होतं, फक्त २-० ने पुढे असताना असलं काही बघायची कोणाला इच्छा असते!

हो, २-० ने पुढे. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने मारला, आणि हाफटाइमनंतर, छप्पन्नाव्याला, ब्रँडनने. ब्रँडन फर्नांडिस. मडगावचा पोरगा, आमचा कॅप्टन, आपल्या घरच्या ग्राउंडवर सेमीत गोल करतो, आता याच्यावर अजून काय पाहिजे सांगा. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, सत्तरीचे तरी असतील, साळगावकर, डेंपो, चर्चिल ब्रदर्सच्या जमान्यापासून फुटबॉल बघणारे, ते त्या गोलला उठलेसुद्धा नाहीत, नुसते खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरून बसले, आणि मला वाटलं हा माणूस आज समाधानी आहे.

आणि मग नव्वदावं मिनिट.

छांगतेने एक मारला. ललियनझुआला छांगते, मिझोरामचा, आडनाव उच्चारायला जेवढं सोपं तेवढाच पकडायला अवघड. २-१. आता मंडळी, नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं या पुढच्या एका मिनिटावर आहे. लोक तिसऱ्या गोलबद्दल बोलतात, शहाण्णवाव्या मिनिटाच्या, परत छांगतेच्याच. अरेरे, शेवटच्या क्षणी गेली, नशीब बघा. मला तिसऱ्या गोलचं तेवढं दुःख नाहीये खरंच. तिसऱ्या गोलला आम्ही ऑलरेडी हादरलेले होतो, कोण कुठे उभा आहे कोणाला पत्ता नव्हता. पहिला गोलपण ठीक आहे, चांगली टीम आहे, गोल मारणारच. पण पहिला आणि दुसरा गोल यांच्यामध्ये जेमतेम मिनिटभर गेलं! गोल खाल्ल्यावर सेंटर कोणाचा असतो? आमचा. बॉल कोणाकडे होता? आमच्याकडे. त्या क्षणी जगातली कुठलीही टीम काय करेल, बॉल मागे घेईल, गोलकीपरकडे देईल, एखादा खेळाडू बुटाची लेस बांधत बसेल, कोणीतरी पोटरी धरून आडवा होईल, कोच चौथ्या रेफरीशी भांडण काढेल, काहीही करून दोन मिनिटं मारेल. आणि आमच्याकडे मिनिटभरात बॉल त्यांच्याकडे, विक्रम प्रताप सिंग, गोल, २-२. पहिला गोल मुंबईने मारला, दुसरा आम्ही दिला. मी कितीही वेळा हायलाइट्स बघितल्या तरी माझं मत हेच राहिलंय.

यात एक गंमत सांगतो, तेव्हा गंमत नव्हती. माझा मावसभाऊ सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीला उठला. पार्किंगमधून बाईक काढायची, ट्रॅफिकच्या आधी निघायचं, ही त्याची नेहमीची सवय, आणि २-० आहे म्हटल्यावर कोण अडवणार. तो नुव्याच्या पुढे पोचेपर्यंत गोवा फायनलच्या दारात आहे असंच समजत होता. वेर्ण्याला चहाला थांबला, चहावाल्याने विचारलं काय झालं, याने छाती काढून सांगितलं दोन-शून्य. चहावाल्याने मोबाईल फिरवून दाखवला. तर हा त्याच्याशी भांडला हो, म्हणे तुझं ॲप हँग झालंय, मी स्वतः ग्राउंडवरून येतोय! मग मला फोन केला, आणि मी फोन उचलला तो बोलण्यासारखं काही नव्हतंच, मागून फक्त खुर्च्या आपटल्याचे आवाज त्याला ऐकू गेले, त्यावरून त्याला कळलं. आजपर्यंत तो म्हणतो की माझ्यापुरती ती मॅच आम्ही जिंकलोय. असो.

अंधेरीच्या दुसऱ्या लेगबद्दल फार बोलत नाही. २९ एप्रिल, २-० ने हरलो, पेरेरा डियाझ आणि परत छांगते. एकूण ५-२. पुढे ४ मेला मुंबईने सॉल्ट लेकला मोहन बागानला ३-१ हरवून ट्रॉफी उचलली. त्यांचं अभिनंदन, मनापासून नाही पण करतो.

तर आमच्याकडे या सगळ्यावर एक आवडता शब्द आहे, पनवती. गोव्याला पनवती आहे, गोव्याच्या नशिबात आयएसएल नाही. आणि मान्य आहे, यादी काढायला बसलं तर भीती वाटते. २०१५ ची फायनल आठवा. हेच फातोर्डा, २० डिसेंबर, कोच झिको, समोर मॅटेराझीची चेन्नईयिन. लक्ष्मीकांत कट्टीमनीने त्या दिवशी दोन पेनल्टी अडवल्या हो, एकीचा रिबाउंड आत गेला ती गोष्ट वेगळी. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किक मारली, २-१, आम्ही चॅम्पियन! आणि नव्वदाव्याला बॉल कट्टीमनीला लागून आत. ज्या माणसाने मॅच धरून ठेवली त्याच्याच नावावर ओन गोल. दोन मिनिटांनी मेंडोझा, ३-२, संपलं. त्या वर्षी चेन्नईत पूर आला म्हणून चेन्नईयिनने सेमीचा आपला होम लेग पुण्यात, बालेवाडीला खेळला होता आणि कोलकात्याच्या एटीकेला ३-० ने उडवलं होतं. ज्या टीमला घरच्या ग्राउंडवर खेळता आलं नाही ती आमच्या घरी येऊन कप घेऊन गेली. याला पनवती नाही तर काय म्हणणार, असं कोणालाही वाटेल.

मग २०१९ ची फायनल, अंधेरी, समोर बेंगळुरू, एक्स्ट्रा टाइम, आमच्या जाहूहला रेड कार्ड, एकशेसतराव्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचं हेडर. राहुल भेके, मुंबईचा पोरगा, आपलाच की, नाव ऐकून राग तरी कसा करणार! २०२० च्या सेमीत चेन्नईत ४-१ हरून आलो, फातोर्ड्याला ४-२ जिंकलो, एका गोलने बाहेर. आणि २०२१ ची तर वेगळीच तऱ्हा, कोविडचं वर्ष, सगळी लीग गोव्यात पण बघायला एक माणूस नाही, बांबोळीच्या रिकाम्या ग्राउंडवर सेमीत मुंबईबरोबर पेनल्टी, दोन्ही टीमनी शूटआउटसाठी गोलकीपरसुद्धा बदलले, नवव्या किकपर्यंत गेलं, आणि शेवटची किक मारून आम्हाला बाहेर काढलं रौलिन बोर्जेसने. गोंयचो पोर! तोच रौलिन नंतर २०२३ ला आमच्याकडे आला.

हे मुंबईचं प्रकरणच तसं आहे. लोबेरा आमचा कोच, तिकडे गेला. जाहूह, फॉल, बूमूस, आमचा मंदार राव देसाई, सगळे २०२० ला एका दमात तिकडे. म्हणजे २०२१ ला आम्ही आमच्याच अर्ध्या टीमकडून हरलो. पैसा होता तेव्हा त्यांच्याकडे, मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपचा, काय करणार. आणि २०२४ ची सेमी झाल्यावर महिना-दोन महिन्यांत बातमी आली, ब्रँडन मुंबईला चालला. त्या रात्री दुसरा गोल मारणारा ब्रँडन. माझ्या पोराच्या जर्सीवर मागे त्याचं नाव आहे, पोरगा विचारत होता आता ही घालायची का? मी म्हटलं घाल, त्याने गोल तर आपल्यासाठीच मारला होता ना.

पण पनवती मला मान्य नाही, आणि का ते सांगतो. याच टीमने २०१९ ला सुपर कप जिंकला. २०२१ ला कोलकात्यात जाऊन, मोहमेडनसारख्या टीमला हरवून ड्युरँड कप आणला, एदू बेदियाचा गोल एक्स्ट्रा टाइममधला. २०२५ च्या मेमध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून परत सुपर कप. सगळ्या नॉकआउट मॅच आहेत या. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला खेळलेली पहिली भारतीय टीम हीच. नशीब फुटकं असतं तर ते काय फक्त आयएसएलच्या सेमीला फुटतं का?

मला वाटतं दोष आमच्या आवडीचा आहे, आमच्या म्हणजे टीमच्या आणि स्टँडमधल्या आमच्यासुद्धा. गोव्याला सुंदर फुटबॉल आवडतं. ब्राझील आवडतं, झिको आवडला, आमच्या स्ट्रायकर कोरोने एका सीझनला सोळा गोल मारले ते आवडलं. २०१५ ला मुंबईला ७-० हरवलं त्याच्या गप्पा अजून होतात. पण एखाद्या डिफेंडरने ऐंशीव्या मिनिटाला बॉल सरळ उचलून प्रेक्षकांत भिरकावला तर आम्हीच ओरडतो, काय रे हे, पास दे ना! दोन गोलने पुढे असताना आम्हाला तिसरा हवा असतो. त्या बुधवारी ऐंशीव्या मिनिटाला माझ्या आजूबाजूला "आनीक एक, आनीक एक" असंच चाललं होतं, "बॉल धरा" असं कोणी ओरडल्याचं मला आठवत नाही. आणि दमलेल्या पायांनी अजून एक मारायला गेलं की मागे मैदान मोकळं राहतं, आणि त्या मोकळ्या मैदानात छांगते.

२०२५ ला परत तेच झालं. सेमीत बेंगळुरूत २-० हरलो, घरी आलो, बोर्हाने एक मारला, अठ्ठ्याऐंशीव्याला सादिकूने दुसरा, बरोबरी, फातोर्डा वेडं झालं, आणि इंज्युरी टाइममध्ये चाळीशीतल्या सुनील छेत्रीने डोक्याने घातला. माणूस इंडियाच्या टीममधून रिटायर होऊन परत आलेला, त्याला आमच्यासमोरच डोकं लावायचं होतं! त्या दिवशी माझा मावसभाऊ शेवटपर्यंत बसला होता, म्हणाला यापेक्षा बाईक काढलेली परवडली.

काही जण म्हणायचे की प्लेऑफ बंदच करून टाका, युरोपसारखं करा, जो टेबलमध्ये वर तो चॅम्पियन, विषय संपला. तसं असतं तर २०१५ आणि २०२० ला आम्हीच चॅम्पियन होतो, कारण दोन्ही वेळा लीग आम्ही टॉप केली होती. हिशोबाने मला हे पटायला पाहिजे. पण नाही पटत. टेबल काढून गणित करून, कोणीतरी दुसरीकडे ड्रॉ केला म्हणून मोबाईलवर कळलेली चॅम्पियनशिप मला नकोय. मला ती फातोर्ड्याला हवी, सेमी खेळून, एक गोलने पुढे असताना पंच्याण्णवाव्या मिनिटाला आमच्या सेंटर बॅकने बॉल थेट ईस्ट स्टँडच्या छपरावर मारलेला हवा, आणि त्या घाणेरड्या किकला सगळ्या स्टेडियमने उभं राहून टाळ्या वाजवलेल्या हव्यात. समोर मुंबई असेल तर आणखी बरं.

फोर्सा गोवा. नमस्कार.