बी किलोनं मोजू नका

नमस्कार मंडळी. समोर पाणलोटाची कामं केलेल्या गावांतली माणसं बसली आहेत, म्हणून थेट कामाचंच बोलते. माण, खटाव, पुरंदर या भागांत गेल्या दहा-बारा वर्षांत डोंगरांवर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खोदलेले चर, किती निघाले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पाणी मुरलं, विहिरींना फरक पडला. मग चराच्या भरावावर पेरायचं काय, असा प्रश्न आला. त्याचं उत्तर निघालं : जे मिळेल ते. मिळतो स्टायलो नावाचा चारा, मिळते सुबाभूळ, मिळतं गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. तिन्ही मूळची अमेरिका खंडातली.

गिरिपुष्प आपल्या टेकड्यांवर एवढं पसरलं त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. फांदी रोवली तरी जगतं, बी धरतं, शेळी त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाही. ज्याचं बी वेळेवर आणि भरपूर हाती येतं, तेच रोपवाटिकेत वाढतं. पवन्या, डोंगरी, मारवेल या गवतांचं, हिवर, धावडा या झाडांचं बी असं हाती येत नाही, कारण ते गोळा करायला कोणी जात नाही. डोंगरावर पुढची पन्नास वर्षं काय उभं राहणार, हे लावणीच्या दिवशी ठरत नाही. ते आधीच्या हंगामात, बी गोळा करणाऱ्या बाईच्या हातात ठरलेलं असतं. त्या हातांबद्दल आज बोलायचं आहे.

मी अशा एका टोळीची मुकादम आहे. बहुतेक बायका आहेत, एक-दोन मेंढपाळ मामा आहेत. बऱ्याच जणी ऊसतोडीला जाऊन आलेल्या. उसाचा हिशेब टनावर असतो, त्यामुळे नवी बाई आली की पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, किलोला किती?" मी सांगते, किलोला काही नाही, दिवसाला हजेरी. एक किलो आणलंत तरी तीच आणि रिकाम्या हातानं आलात तरी तीच. बाई माझ्याकडे संशयानं बघते. पैसे देणारे साहेब तर त्याहून जास्त संशयानं बघतात. त्यांची अडचण मला कळते. चर घनमीटरमध्ये मोजता येतो, खड्डे मोजता येतात, मग बी किलोत मोजायला काय हरकत? मापं घेणाऱ्याला किलो सोयीचा आहे. पण बियाला तो घातक आहे.

किलोवर दर लावला की काय होतं ते मी पाहिलं आहे. एका कामावर गवताचं बी किलोनं घ्यायचं ठरलं होतं. पोती भराभर आली. उघडली तर आत विळ्यानं कापलेल्या काड्या, पानं, दहिवरानं ओलं झालेलं पाचट, आणि त्यात मुठीएवढं बी. तेही बहुतेक पोचट. आणि सगळं एकाच बांधावरचं, कारण तिथं गवत दाट होतं आणि गाडी जवळ उभी होती. त्या बायकांना मी बोल लावणार नाही. त्यांना वजनाचे पैसे मिळत होते, त्यांनी वजन आणलं. ज्यानं दर ठरवला त्यानं पाचट विकत घेतलं.

आता गवताचं बी खरं कसं घेतात ते पाहू. मारवेलचा तुरा एकदम पिकत नाही. एकाच तुऱ्यात काही दाणे पिकलेले असतात, काही हिरवे, काही गळून गेलेले. म्हणून आमच्याकडे नियम आहे : ओरबाडायचं नाही, हात फिरवायचा. तुरा बोटांत हलका धरून खालून वर हात न्यायचा. जे पिकलं आहे ते आपसूक हातात येतं, हिरवं काडीला राहतं. आठवड्यानं पुन्हा त्याच जागी जायचं. हातात आलेलं तळव्यावर चोळायचं, फुंकर मारायची आणि पाहायचं, तांबूस दाणा उरतो की सगळं उडून जातं. गवताच्या फुलोऱ्यात निम्मे-अधिक कोश रिकामे असू शकतात. पोतं कितीही फुगलेलं दिसलं तरी त्यात बी आहे की भुसा, हे या चोळण्यावरच कळतं. आमच्या टोळीतल्या एक मावशी चोळल्याशिवाय एक मूठ पिशवीत टाकत नाहीत. त्यांचं दिवसाचं वजन सगळ्यांत कमी भरतं, आणि पेरणीनंतर सगळ्यांत भरघोस उगवण त्यांच्या पिशवीची असते. किलोच्या हिशेबात या मावशी पहिल्या आठवड्यातच काम सोडून गेल्या असत्या.

कुसळी गवताची गोष्ट वेगळी. तिचं कुसळ काळं पडलं की शेंड्याला सगळी कुसळं एकमेकांत गुंतून त्यांची वेणी होते. ती वेणी चिमटीत धरून अलगद ओढली आणि सुटून आली तर बी तयार आहे. ओढ लागली तर अजून नाही. मेंढरांच्या लोकरीत आणि आपल्या लुगड्यात शिरणारं हेच ते कुसळ, म्हणून लोक कुसळीला शिव्या देतात. मला मात्र तिच्यासारखं शहाणं बी माहीत नाही. खाली टोकदार, त्यावर मागे वळलेली लव, आणि वर पिळाचं कुसळ. ओल लागली की पीळ उलगडतो, सुकलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यात दाणा स्वतःला जमिनीत घुसवत जातो. उघड्या मुरमाड उतारावर, जिथं दुसरं बी वाहून जातं, तिथं ही टिकते. लोकांना झाड लावल्यासारखं दिसायला हवं असतं, म्हणून कुसळीला कोणी विचारत नाही.

गवत दहिवर असताना घ्यायचं नाही, ओलं बी पिशवीत कुबट होतं. म्हणजे काम सुरू व्हायला नऊ-साडेनऊ वाजतात, आणि दुपारच्या उन्हात सुरूच ठेवावं लागतं. कोणाची मुलं शाळेतून येतात, कोणाच्या घरी जनावरं असतात. मुकादमाला हे सगळं सांभाळून दिवस बसवावा लागतो. शिवाय गवतात फुरसं असतं, घोणस असते; पुढची बाई काठीनं गवत हलवत चालते. मोठ्या झाडाखाली चादर अंथरण्याआधी वर बघायचं, आग्या मोहोळ आहे का. खाजकुइलीची वाळकी शेंग दिसली की वारा कुठून येतोय ते पाहून वाट बदलायची.

झाडांकडे येऊ. कार्तिक-मार्गशीर्ष गवताचे. पुढे खैर, शिरीष, मग सावरीची बोंडं फुटतात, बहाव्याच्या शेंगा वाळतात, वैशाखात पळस, वावळ, अंजन. आणि पाऊस तोंडावर आला की कडुनिंब, जांभूळ, मोह. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. बहाव्याच्या बियाचं कवच इतकं टणक की घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात घातल्याशिवाय ते लवकर उगवत नाही, पण वर्षानुवर्षं टिकतं. उलट कडुनिंबाचं बी काही आठवड्यांत मरतं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर त्याआधीच. जांभळाचं तर सुकवायचंच नाही, सुकलं की संपलं. अंजनाला चांगलं बी तीन-पाच वर्षांतून एकदा येतं; ते साल सापडलं की बाकीची कामं बाजूला ठेवून अंजनामागे जायचं. धावड्याचं पोतंभर आणलं तरी त्यात जिवंत दाणे अगदी थोडे, कित्येक वर्षी जवळजवळ नाहीतच. मग तुम्हीच सांगा, धावड्याचा किलो आणि करंजाचा किलो एका दरानं कसा मोजायचा?

शेंगवर्गाला कीड फार. खैर, हिवर, बाभळीच्या शेंगेवर टाचणीनं टोचल्यासारखं भोक दिसलं की आतला दाणा भुंगेऱ्यानं पोखरलेला समजायचा. पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकतो. बाभळीसाठी मात्र आमचे मेंढपाळ मामा झाडावर चढत नाहीत, ते थेट मेंढवाड्यात जातात. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात, रात्री रवंथ करताना कितीतरी बिया बाहेर टाकतात, काही लेंड्यांतून पडतात, आणि पोटातून आलेलं बी नुसत्या शेंगेतल्या बियापेक्षा चांगलं उगवतं. वाड्याची जागा झाडली की बी मिळतं. ही माहिती मामांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली. हजेरी देतो ती या माहितीची.

आता सगळ्यांत अवघड भाग, थांबायचं कधी. इंग्लंडच्या क्यू उद्यानाची मिलेनियम बीजपेढी २००० सालापासून चालते. तिथला आणि जगभर मानला जाणारा संकेत असा, की त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त उचलायचं नाही, आणि जमलं तर किमान ५० वेगवेगळ्या झाडांवरून घ्यायचं. आम्ही टोळीत ते असं मांडतो : पाच तुऱ्यांतला एक आपला. उरलेले चार मुंग्यांचे, मुनियांचे, उंदरांचे आणि त्या जमिनीचे. दाट मारवेल समोर डोलत असताना चार तुरे सोडून पाचव्याला हात लावणं सोपं नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी विसरतं. म्हणून मी टोळीच्या मागून चालते, पुढून नाही. मागून चालल्यावर दिसतं, काय उरलं आहे.

पन्नास झाडांचा आग्रह का, तेही सांगते. रस्त्याकडेला एकटा उभा असलेला पळस भरभरून शेंगा देतो, हात पोचतो, गाडीही जवळ येते. पण त्या एका झाडाच्या बियांतून उभा केलेला सगळा डोंगर एका आईच्या लेकरांचा. एक रोग आला, एक कडक दुष्काळ आला तर सगळी एकदम बसतील. म्हणून रस्ता सोडून आत जायचं, एकमेकांपासून लांबची झाडं निवडायची, ठेंगणी, वाकडी, कमी शेंगांचीही. बीजमाता राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यात गावरान पिकांचं बी जपलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांच्या कामानं गावागावांत बियाबद्दल आदर निर्माण झाला. फक्त एक फरक ध्यानात घ्या. शेताचं बी ठेवताना आपण उत्तम कणीस निवडतो. डोंगराचं बी घेताना निवड आपण करायची नाही, ती डोंगरावर सोडायची.

बी कुठलं, हेही तितकंच महत्त्वाचं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून पूर्वेला, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, माणमध्ये पाचशेच्या आसपास. झाडाचं नाव एकच असलं तरी घाटमाथ्यावरचं बी माणमधल्या दहिवडीच्या डोंगरावर टाकून उपयोग नाही. म्हणून प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर : गाव, उतार, तारीख, किती झाडं, कोणी गोळा केलं. चिठ्ठी नसलेली पिशवी आम्ही पेरणीला घेत नाही, बी कितीही सुंदर असो.

इथं एक अडचण गावातच उभी राहते. चाऱ्यासाठी गवत फुलोऱ्यात असताना कापणं उत्तम, तेव्हाच त्यात कस असतो. बी हवं तर ते पिकेपर्यंत थांबावं लागतं, तोवर चारा कडक होतो. शेतकऱ्याचं नुकसान करून डोंगर सुधारायचा हक्क आपल्याला नाही. आम्ही ग्रामसभेत बसून दरवर्षी वेगळी पट्टी मागतो, बाकीचं गवत गाव कापतं. राखीव वनात जायचं तर वनविभागाची परवानगी आधी, आणि जिथं २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळाले आहेत तिथं ग्रामसभेशी बोलल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आणखी एक, थोडं कडक बोलते. जिथं मुळात गवताळ माळ आहे तिथं झाडांचं बीही नेऊ नका. महसुली कागदावर माळाला पडीक लिहिलं गेलं आणि पडीक म्हटलं की खड्डे सुरू. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, आणि माळढोकाला उघडा माळच लागतो. लांडगा, चिंकारा, धनगरांची मेंढरं, सगळी त्याच गवतावर. तिथं पेरायचं असेल तर गवतच पेरा.

कोणी म्हणेल, ब्राझीलमध्ये तर किलोनंच चालतं. खरं आहे. शिंगू नदीच्या खोऱ्यात २००७ पासून आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांचं बी गोळा करणाऱ्यांचं मोठं जाळं आहे, ते बी वजनावर विकतात. पण तिथं प्रत्येक जातीचा दर वेगळा, आणि तो ठरवताना गोळा करणारे स्वतः बसलेले असतात. आपल्याकडे तशी बैठक होईल त्या दिवशी मी किलोला विरोध करणार नाही. तोवर तुमच्या अंदाजपत्रकात बियाच्या रकान्यात हजेरी लिहा : आधी फिरून झाडं हेरण्याचे दिवस, गोळा करण्याचे दिवस, पाखडून वाळवण्याचे दिवस. पाखडण्याचे पैसे हमखास विसरले जातात, आणि ते काम बायका रात्री घरी फुकट करतात.

गवताबद्दल शेवटचं. या दिवाळीत घेतलेलं बी लगेच पेरून पाहू नका. बहुतेक गवतांच्या ताज्या बियाला काही महिने झोप असते. सावलीत वाळवून, कापडी पिशवीत, आढ्याला टांगून ठेवा, उंदरापासून लांब, आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी काढा. कुसळी येत्या पंधरवड्यात काळी पडेल. ज्यांना शिकायला यायचं आहे त्यांनी पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालून, काठी घेऊन, दहिवर उतरल्यावर डोंगराच्या पायथ्याशी यावं. जेवणाचा डबा आपापला आणा.