थपडेआधीचं कापसाचं रान

(दृश्य : मानवत. कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग.)

परभणी जिल्ह्यातल्या या रस्त्यांवर दसऱ्यानंतर बाभळींनाही कापूस लागतो, गाड्यांतून उडालेला. ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय, त्याच्या मुळाशीही कापूसच आहे.

'इन द हीट ऑफ द नाइट', १९६७. दिग्दर्शक नॉर्मन ज्युईसन. मिसिसिपीतल्या एका गावात शिकागोहून आलेल्या कारखानदाराचा खून होतो. रेल्वे स्टेशनवर बसलेला परका काळा माणूस पोलीस उचलून आणतात. तो निघतो फिलाडेल्फिया पोलिसांतला खुनाच्या तपासात मुरलेला अधिकारी, व्हर्जिल टिब्स. भूमिका सिडनी पॉइटिएची.

लोकांच्या लक्षात राहिली ती थप्पड. गोरा मळेवाला एन्डिकॉट टिब्सच्या थोबाडीत देतो. टिब्स तिथल्या तिथे परत देतो. विद्यापीठाच्या नामांतरासाठी ज्या मराठवाड्यात १९७८ ला घरं जळाली आणि निकाल लागायला १९९४ उजाडलं, तिथे या थपडेचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.

(दृश्य : वेचणी. ओटीत कापूस भरणाऱ्या बाया.)

पण खरं राजकारण थपडेच्या आधी येऊन जातं. एन्डिकॉटकडे जाताना मोटारीच्या दोन्ही बाजूंना कापूस, त्यात वाकलेले काळे मजूर. पोलीस प्रमुख गिलेस्पी टिब्सला टोमणा मारतो : हे काही तुझ्या वाट्याचं नाही. टिब्स गप्प. मजुरांना त्या दृश्यात तोंडच नाही. आपल्याकडे किलोवर वेचणी करणाऱ्या बाईची नजर मात्र आधी त्यांच्यावरच जाईल.

मयताचा कारखाना एन्डिकॉटला नको होता. मजुराला दुसरं काम मिळालं तर रान कोण वेचणार? टिब्स गावात टिकतो तोही कारखान्याच्याच जोरावर. मयताची बायको बजावते, तपास यानंच करायचा, नाहीतर कारखाना विसरा. गावाला उपरती वगैरे काही झालेली नसते.

एन्डिकॉटच खुनी, असं टिब्स धरून चालतो आणि चुकतो. खुनी कोण, ते सांगत नाही. रहस्यपट आहे शेवटी. मळेवाला सुटतो, आणि त्या रानाचा हिशेब कुणी मागतच नाही. इथे सिनेमा थोडा कचरला, असं मला वाटतं.

पॉइटिए दक्षिणेत जायला राजी नव्हता, म्हणून बहुतेक चित्रीकरण इलिनॉयमध्ये झालं. कापसासाठी तेवढं टेनेसी गाठावं लागलं.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे १९६८ चा ऑस्कर सोहळा दोन दिवस पुढे गेला. सिनेमाला पाच पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला गिलेस्पी झालेला रॉड स्टायगर. पॉइटिएला नामांकनही नव्हतं.