थेंब पडतो तिथेच ऊन

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळा का येतो, असं कुणालाही विचारा. सूर्य जवळ येतो म्हणून, असं शिकलीसवरलेली माणसंसुद्धा सांगतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या 3-4 तारखेला, आपण कानटोपी घालून शेकोटीपाशी बसतो तेव्हा! अंतर सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटर. आणि सर्वांत लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, 15 कोटी 20 लाखांच्या पुढे. तेव्हा अंतराचं सोडून द्या. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस, म्हणजे ती ज्याभोवती गिरकी घेते ती मधली रेघ, कललेला आहे म्हणून. अंतरामुळे नाही, कलामुळे. शाळेच्या चित्रांत पृथ्वीची कक्षा काकडीसारखी लांबट काढतात, तिथेच पोरांच्या डोक्यात गोंधळ बसतो. ती कक्षा जवळजवळ गोल आहे, गोलच काढावी.

मला हे कळलं ते आजीच्या स्वयंपाकघरात.

वाई तालुक्यात कृष्णेकाठी आमचं कौलारू घर होतं. स्वयंपाकघर चांगलं लांबलचक. वानरांच्या उड्यांनी वरच्या एका कौलाचा टवका उडाला होता. भोक केवढं, तर हरभऱ्याएवढं. आजोबा दरवर्षी म्हणायचे, कौल बदलून टाकू. आजी म्हणायची, राहू द्या हो, माझं त्याच्यावाचून अडतं. त्या भोकातून उन्हाची तिरीप यायची, चुलीच्या धुरात ती वरपासून खालपर्यंत दिसायची, आणि खाली जमिनीवर कवडसा पडायचा. साडेबाराची एसटी फाट्यावर आली, हॉर्न वाजला, की आजी कवडशाकडे बघायची. मार्गशीर्षात तो पार उत्तरेच्या भिंतीशी, जात्यापाशी असायचा. महाशिवरात्रीला मधल्या खांबाजवळ यायचा. पाडव्याला तिच्या पाटाशी. रोज थोडा थोडा दक्षिणेला सरकायचा.

मी आठवीत होतो. मे महिन्याची सुट्टी. संध्याकाळी वळीव कोसळला आणि त्या भोकातून पाणी गळायला लागलं. जमीन सकाळीच सारवलेली. टप, टप, टप, थेंब पडून पडून शेणाच्या सारवणात छोटा खळगा झाला. आजीने त्याखाली भांडं ठेवू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीचा हॉर्न वाजला तशी तिने हाक मारली, "ये रे लवकर, पळ."

कवडसा त्या खळग्यात बसला होता. बरोब्बर खळग्यात.

"काल पाणी पडलं तिथंच आज ऊन पडलंय," आजी म्हणाली. "पाणी सरळ खाली पडतं ना? मग आज सूर्यही सरळ डोक्यावर आहे. आता महिन्याने पाऊस लागेल."

मी अंगणात पळालो. तुळशीपाशी तांब्या उभा होता, त्याची सावली कुठेच नव्हती. परत आलो तर आजीने माझा तळवा खळग्यावर धरला. किंचित ऊब लागली. आणि कवडशाचा आकार बघा, साताऱ्याच्या कंदी पेढ्यासारखा वाटोळा. (कंदी पेढा म्हणजे खरपूस भाजलेल्या खव्याचा, तांबूस. हल्ली पांढऱ्या पेढ्यांना कंदी म्हणतात ते मला मान्य नाही.) थंडीत जात्यापाशी हाच कवडसा कसा दिसायचा? लाटताना एका अंगाला ओढल्या गेलेल्या पुरीसारखा, लांबट आणि फिकट. भोक तेच, सूर्य तोच. ऊन तिरकं आलं की पसरतं, आणि पसरलं की त्याची धग कमी होते.

ऋतूंचं कारण त्या पुरीत आणि पेढ्यात आहे. आमच्या वाईकडे मे महिन्याच्या मध्यान्ही जे ऊन तीन एकरांवर पडतं, तेच डिसेंबरच्या मध्यान्ही चार एकरांवर पसरतं. शिवाय डिसेंबरात दिवस 11 तासांचा, जूनमध्ये 13 तासांच्या वर. ऊन तिरकं आणि दिवस लहान, म्हणजे थंडी.

हे होतं कारण पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर आकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो. जूनमध्ये आपला उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला, डिसेंबरात पाठ फिरवलेला. दक्षिणेत याच्या उलट. मेलबर्नला राहणाऱ्या मराठी बायका संक्रांतीला ऊब देणारी काळी साडी नेसतात ती ऐन उन्हाळ्यात! अंतरामुळे ऋतू होत असते, तर त्यांनाही आपल्याबरोबरच थंडी वाजली असती. पुन्हा सांगतो, अंतर नाही, कल.

संक्रांतीचा विषय निघालाच आहे म्हणून. दिवस तीळ तीळ मोठा व्हायला लागतो तो 14 जानेवारीपासून नाही, 21-22 डिसेंबरपासूनच. सुमारे 1700 वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच वेळी होत असे. तिळगूळ जानेवारीतच वाटावा, पण उत्तरायण कधी लागतं ते मुलांना खरं सांगावं.

आजीचं एक राहून गेलं. पाऊस लागण्याआधी घर शाकारायचे, तेव्हा भोकावर पत्र्याचा तुकडा सरकवला जायचा, तो दसऱ्यानंतर निघायचा. कवडसा खळगा ओलांडून आणखी फूटभर दक्षिणेला जातो आणि 21 जूनला तिथून मागे फिरतो, ते आजीने कधी पाहिलं नाही. मला ते पुढे पुस्तकात सापडलं, तोवर आजी गेली होती. आता तिथे स्लॅब आहे.

पण तांब्या तुमच्याकडेही असेल. सूर्य सरळ डोक्यावर येतो त्या तारखा लिहून घ्या. पणजीला मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, कोल्हापूरला 6-7 मे, पुण्याला 13-14, मुंबईला 15-16, नाशिकला 20 च्या आसपास, नागपूरला 26. कोकण-पुण्याकडे वेळ साडेबाराच्या सुमाराची, नागपूरला बारा-सव्वाबाराची. सपाट जागी तांब्या ठेवा आणि मुलांना हाक मारा.

नमस्कार.