सत्तेचाळीस सालचं मॅपलचं पान

(पडद्यावर: चांदीचा डॉलर, अगदी जवळून)

हा कॅनडाचा चांदीचा डॉलर. वर कोरलेली होडी म्हणजे भूर्जाच्या सालीची कनू. तिच्यात दोघे वल्हं मारतायत, एक फरचा व्यापारी आणि एक मूळनिवासी. मधल्या गाठोड्याकडे भिंगातून पाहिलंत तर एच आणि बी ही अक्षरं सापडतील: फरचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी. मागच्या बारीक उभ्या रेषा म्हणजे उत्तरेच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश. शिल्पकार इमॅन्युएल हान यांचं हे चित्र १९३५ साली आलं आणि मधली काही खास वर्षं सोडली तर १९८६पर्यंत डॉलरवर राहिलं.

या नाण्यावर साल आहे १९४७. आणि सातच्या शेजारी, धुळीचा कण वाटावा एवढं, मॅपलचं पान.

हे पान तिथे का आलं, ते समजायला ओटावातून दिल्लीला यावं लागतं.

(पडद्यावर: नाण्याची दुसरी बाजू)

नाणं उलटं केलं की राजा दिसतो, सहावा जॉर्ज. भोवती लॅटिन मजकूर: जॉर्ज सहावा, देवाच्या कृपेने राजा, आणि हिंदुस्थानचा सम्राट. शेवटचे दोन शब्द आखूड करून कोरलेत, 'इंड. इंप.' म्हणजे विनिपेगच्या दुकानात पाव घेताना गिऱ्हाइकाच्या हातात जी मोड यायची, तिच्यावरसुद्धा हिंदुस्थान होता.

पहिल्यापासून नव्हता. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, तरी कॅनडाच्या नाण्यांवर ती कॅनडाची राणीच राहिली. सातव्या एडवर्डच्या वेळी नुसतं 'सम्राट' आलं, कुठला ते लिहिलं नाही. हिंदुस्थानचं नाव पडलं १९११ साली, पाचव्या जॉर्जच्या नाण्यांवर.

आणि त्याच वेळी गंमत झाली. नव्या मजकुरात हिंदुस्थान आला, पण 'देवाच्या कृपेने' हे शब्द गळाले. कॅनडात लोक खवळले. राजा आहे, सम्राट आहे, मग देव कुठाय? पुढच्याच वर्षी देवाला परत जागा मिळाली. १९११च्या त्या नाण्यांना संग्राहक आजही 'गॉडलेस', म्हणजे देव नसलेली नाणी म्हणतात. त्यातली एक सेंटची किरकोळ नाणी हौशी माणसाला सहज परवडतात.

त्याच वर्षी, त्याच राजाच्या नाण्यावरून आपल्याकडेही ओरड झाली होती. १९११च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीत एक हत्ती होता. तो इतका बुटका उतरला, की लोकांना डुक्कर वाटला. सरकारने तो रुपया मागे घेतला, बाकीचे वितळवले आणि १९१२मध्ये हत्तीला नीट सोंड दिली. एका साम्राज्याच्या टांकसाळींची एकाच वर्षातली ही दोन फजित्यांची नाणी जोडीने ठेवलेला संग्रह मला कुठल्याही सोन्याच्या नाण्याहून जास्त आवडेल.

(पडद्यावर: ओटावाची टांकसाळ)

ओटावाची टांकसाळ सुरू झाली २ जानेवारी १९०८ला, लंडनच्या रॉयल मिंटची शाखा म्हणून. १९३१मध्ये ती कॅनडाच्या मालकीची झाली, पण राजाच्या चेहऱ्याचे मूळ ठसे लंडनहूनच यायचे. ते वेळेवर आले नाहीत की इथे खोळंबा.

१५ ऑगस्ट १९४७. भारत स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याच्या कायद्यातच कलम होतं, की राजाच्या बिरुदावलीतून हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी जाईल. राजाने तसा जाहीरनामा काढला तो २२ जून १९४८ला. म्हणजे कॅनडाची सगळी नाणी जुनी ठरली. नवा मजकूर, नवे ठसे आणि पुन्हा लंडनची वाट पाहणं.

पण बाजार थांबत नाही. १९४८ उजाडलं, मोड हवी होती. जुन्या मजकुराखाली नवं साल टाकणं चुकीचं. मग टांकसाळीने १९४७चेच ठसे वापरले आणि सालाशेजारी एक इवलं पान कोरलं. पान असेल तर ते नाणं प्रत्यक्षात १९४८मध्ये पाडलेलं. सेंटपासून डॉलरपर्यंत सगळ्या नाण्यांवर हे पान आहे.

ही युक्ती ओटावाला नवी नव्हती. १९३६च्या डिसेंबरात आठव्या एडवर्डने गादी सोडली, तेव्हाही असंच अडलं होतं. त्या वेळी १९३६च्या ठशांवर सालाखाली एक ठिपका दिला गेला. तो ठिपक्याचा एक सेंट आज जगात तीनच असल्याचं माहीत आहे.

पानवाले डॉलर निघाले २१,१३५. नवे ठसे आले तेव्हा १९४८ सरत आलं होतं. त्या सालाचे डॉलर जेमतेम १८,७८० पडले. त्याच्या पुढच्या वर्षी, न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं म्हणून काढलेले जहाजाचे डॉलर सहा लाखांवर होते. १९४८चा डॉलर बऱ्या अवस्थेत असेल तर हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे जातो, आणि म्हणूनच त्याची नक्कलही भरपूर होते.

घेणार असाल तर आधी मजकूर वाचा. साल १९४८ आणि तरी राजा हिंदुस्थानचा सम्राट? ते नाणं खोटं. मग वजन करा: २३.३ ग्रॅमच्या आसपास हवं. लोहचुंबकाला चिकटलं तर विषयच संपला, कारण खऱ्यात ८० टक्के चांदी असते आणि उरलेलं तांबं. आणि हात जोडून सांगतो, देवघरातल्या भांड्यांना जे लावता ते नाण्याला लावू नका. चिंच, रांगोळी, पितांबरी, काहीही नको. नाणं लखलखतं, पण किंमत अर्ध्यावर येते. काळपट थर हा त्या नाण्याच्या वयाचा पुरावा असतो.

(पडद्यावर: पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक)

'इंड. इंप.' पदकांवरही होतं. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल कॅनडाच्या सैनिकांनाही मिळालं. त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. पदकांचे संग्राहक आधी कड बघतात, चेहरा नंतर. नाव सापडलं की माणूस सापडतो, कारण कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या युद्धातल्या सहा लाखांहून अधिक सैनिकांची कागदपत्रं स्कॅन करून ठेवली आहेत.

अशाच एका कडेवर नाव निघालं: बकम सिंग. पंजाबात जन्मलेला, १९१५मध्ये कॅनडाच्या फौजेत भरती झालेला शिपाई. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये जखमी झाला, परत आला आणि १९१९मध्ये ओंटारियोतल्या किचनर गावी क्षयाने गेला. त्याचं त्याच युद्धातलं दुसरं पदक, व्हिक्टरी मेडल, कित्येक दशकांनी इंग्लंडमध्ये लंडनच्या एका दुकानात विकायला आलेलं सापडलं. त्यावरून कबर शोधली गेली, आणि आता नोव्हेंबरात शीख माणसं तिथे जमतात.

बकम सिंग ज्या राजासाठी लढला, त्याच्या नाण्यावर हिंदुस्थान होता. पण ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हिंदी माणसाला मत नव्हतं. १९१४मध्ये 'कोमागाटा मारू' या जहाजावरचे बहुतेक हिंदी प्रवासी व्हँकूवरच्या किनाऱ्यावरून परत पाठवले गेले. मताचा हक्क मिळाला १९४७मध्ये. ज्या वर्षी नाण्यावरून हिंदुस्थान उतरायची वेळ आली, त्याच वर्षी तिथला हिंदी माणूस मतदार झाला. मॅपलचं पान मला त्यामुळेच कौतुकाचं वाटतं, आणि थोडं बोचतंही.

भारतात मात्र १५ ऑगस्ट १९५०पर्यंत सम्राटाचीच जुनी नाणी चालत होती. पदवी कॅनडाने आपल्याआधी पुसली.

(पडद्यावर: गेंड्याचे पंचवीस पैसे)

उलट्या दिशेनेही एक खेप झाली. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे सुट्ट्या पैशांची इतकी चणचण होती, की सरकारने परदेशी टांकसाळींकडून नाणी करून घेतली. त्यात कॅनडाही होता. १९८८चे गेंड्याचे चार आणे घ्या आणि सालाखाली पाहा. काहींवर इंग्रजी 'सी' दिसेल. ते नाणं कॅनडात पाडलेलं आहे. २०११पासून पंचवीस पैसे चलनात नाहीत, त्यामुळे बाजारात त्याला फार किंमत येणार नाही. पण घरात जुन्या पैशांचा डबा असेल, तर शोधायला काही खर्च नाही.