ज्यांचं ऐकायचं राहून गेलं

मित्रहो, ख्रिश्चन रॉकच्या, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची गाणी रॉकच्या ढंगात गाणाऱ्या संगीताच्या, जुन्या चाहत्यांना एक प्रश्न विचारला की रात्र पुरत नाही. एखादा बँड मूळ कलाकारांसह फक्त एका रात्रीपुरता पुन्हा मंचावर आणता आला, तर कोणता आणाल? बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव पेट्राचं किंवा स्ट्रायपरचं येतं. माझं उत्तर वेगळं आहे. पुनर्मीलनाचा पहिला मान त्यांचा, ज्यांना ऐन उमेदीत कुणी धड ऐकलंच नाही.

हे संगीत आलं कुठून, ते थोडक्यात सांगतो. १९६० चं दशक संपताना कॅलिफोर्नियातली हिप्पी मुलं येशूकडे वळली. त्यांनी केस कापले नाहीत आणि गिटारही सोडली नाही. लॅरी नॉर्मन या गायकाचा पहिला एकल अल्बम १९६९ मध्ये कॅपिटॉलसारख्या मोठ्या कंपनीनं काढला. कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये 'लव्ह साँग' हा बँड गाऊ लागला. जून १९७२ मध्ये डॅलसला 'एक्स्प्लो ७२' हा मोठा मेळावा भरला, तिथे बिली ग्रॅहम यांच्या प्रवचनांसोबत हे संगीतही वाजलं. चर्चमधल्या अनेक वडीलधाऱ्यांना मात्र ते ड्रम सहन होत नव्हते. देवाचं गाणं कोणत्या चालीत म्हणायचं हा वाद आपल्यालाही परका नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-भजनांच्या वळणावर आणली, तेव्हा तेही मिशनऱ्यांच्या इंग्रजी चालींपासून दूरच जात होते.

पुढे या संगीताची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली आणि तिथेच गोची झाली. या रेकॉर्डी मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत मिळायच्या. रॉक ऐकणारा तरुण त्या दुकानाची पायरी चढत नसे, आणि तिथे नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकाला असल्या गाण्यांचा धसका. रेडिओवाल्यांना ती जास्त धार्मिक वाटत, चर्चवाल्यांना कमी. डॅनियल अमॉस नावाच्या बँडचं जे झालं, ते या पार्श्वभूमीवर ऐका.

बँडचं नाव डॅनियल अमॉस असलं तरी त्या नावाचा कुणी माणूस त्यात नव्हता. गाणी लिहायचा टेरी टेलर. १९७६ चा पहिला अल्बम बराचसा कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाचा होता. मग ही मंडळी झपाट्यानं रॉककडे सरकली आणि त्यांनी 'हॉरेंडस डिस्क' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. जेरी चेंबरलेनची गिटार त्यात अशी काही वाजते की आजही कान टवकारतात. तो यायचा होता लॅरी नॉर्मनच्या सॉलिड रॉक या कंपनीतर्फे, पण अडकला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. बाजारात आला तो १९८१ मध्ये. तोवर बँड थांबला होता थोडाच? त्यांनी 'न्यू वेव्ह' या तेव्हाच्या नव्या रॉक शैलीच्या अंगानं 'अलार्मा' हा पुढचा अल्बम केलाही होता, आणि दोन्ही अगदी थोड्या दिवसांच्या अंतरानं दुकानात आले. श्रोत्यांच्या हाती एकाच वेळी कालचा बँड आणि आजचा बँड पडला. कालच्याला त्याचा काळ मिळालाच नाही. कलावंताच्या आयुष्यातली ती वर्षं भरून कशी देणार?

सॅक्रामेंटोच्या 'सेव्हंटी सेव्हन्स'चीही हीच गत झाली. माइक रो हा या बँडचा गायक आणि गिटारवादक. १९८७ मध्ये त्यांचा अल्बम आयलंड या नामांकित कंपनीकडून आला. ख्रिस्ती दुकानांच्या बाहेर पडण्याची ही खरी संधी होती. त्याच वर्षी त्याच कंपनीकडून यू टू या बँडचा 'द जोशुआ ट्री' हा गाजलेला अल्बम आला. एका घरात एवढं मोठं लग्न निघाल्यावर दुसऱ्या मुलाच्या मुंजीकडे कोण बघतो! अल्बम उत्तम असूनही मागे पडला.

आता पेट्राकडे येतो, कारण पुनर्मीलन कसं असावं याचा धडा त्यांच्याकडून घ्यावा. गिटारवादक बॉब हार्टमननं १९७२ मध्ये इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनमध्ये हा बँड उभा केला. पहिला मोठा काळ गायक ग्रेग व्होल्झचा, आणि १९८६ पासून जॉन श्लिटचा. व्होल्झचा आवाज स्वच्छ, वर चढणारा. श्लिटचा खरखरीत, धक्का देणारा. चाहत्यांचे दोन तट पडले आणि ते आजही भांडतात. २००५ मध्ये निरोपाचे कार्यक्रम झाले, तेव्हा टेनेसीतल्या फ्रँकलिनच्या ध्वनिमुद्रित कार्यक्रमात व्होल्झ पाहुणा म्हणून आला. २०१० मध्ये जुन्या मंडळींनी 'क्लासिक पेट्रा' नावानं जुनी गाणी नव्यानं मुद्रित केली.

अशा वेळी मंचावर काय होतं, ते नीट कान देऊन ऐकण्यासारखं असतं. साठीतला गायक तिशीतली पट्टी धरत नाही, म्हणून गिटार अर्धा किंवा एक स्वर खाली लावतात. तार सैल होते, तिचा नाद जाड होतो आणि तेच गाणं थोडं काळवंडतं. पूर्वी एका दमात घेतलेली ओळ आता मध्ये तोडून घ्यावी लागते. काही चाहते यावर नाराज होतात. मला मात्र हे फार मोलाचं वाटतं. विश्वासाबद्दल पंचविशीत लिहिलेली ओळ माणूस आजारपणं आणि मरणं पाहून झाल्यावर पुन्हा म्हणतो, तेव्हा ती त्याला पेलते की नाही हे त्या आवाजातच कळतं. पट्टी न उतरवता आधीच मुद्रित केलेल्या आवाजावर नुसते ओठ हलवले, तर आपण तिथे गेलो कशाला?

स्ट्रायपरबद्दल फार बोलत नाही. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे पोशाख, प्रेक्षकांत भिरकावलेल्या बायबलमधल्या 'नव्या करारा'च्या प्रती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते २००३ मध्ये पुन्हा एकत्र आले, २००५ मध्ये नवा अल्बम केला आणि पुढेही करत राहिले. त्यांचं काम चालू आहे, त्यांच्यासाठी स्वप्न बघायची गरज नाही.

काही स्वप्नं आता पुरी होणारच नाहीत. गायक कीथ ग्रीन १९८२ मध्ये टेक्सासात विमान कोसळून गेला, सोबत त्याची दोन लहान मुलंही. गायक मार्क हर्डला ४ जुलै १९९२ ला कॉर्नरस्टोन या ख्रिस्ती संगीताच्या महोत्सवात गाता गाताच हृदयविकाराचा झटका आला. त्यानं ठरलेली गाणी पुरी केली आणि मग तो इस्पितळात गेला. ऑगस्टमध्ये त्याचं निधन झालं. 'ॲडम अगेन' या बँडचा जीन यूजीन २००० च्या मार्चमध्ये त्याच्या ग्रीन रूम या स्टुडिओतच गेला. कितीतरी बँडांच्या रेकॉर्डी त्यानं तिथे घडवल्या होत्या. 'लॉस्ट डॉग्ज'मध्ये तो, टेरी टेलर, माइक रो आणि डेरी डॉहर्टी असे चौघे होते. उरलेल्या तिघांनी तो बँड चालू ठेवला, आणि मला हेही एक पुनर्मीलनच वाटतं, एक जागा रिकामी असलेलं. टिम चँडलर २०१८ मध्ये गेला. १९८३ पासूनच्या डॅनियल अमॉसची बेस गिटार म्हणजे तोच होता. त्याच्याशिवाय ती गाणी वाजतील, पण खालून धरून ठेवणारा तो हात नसेल.

तर माझी मागणी सांगतो. सभागृह लहान हवं, पाचशे माणसांचं. आधी सेव्हंटी सेव्हन्सनी १९८७ चा अल्बम वाजवावा, त्याच क्रमानं. मध्यंतरानंतर टेरी टेलर आणि जेरी चेंबरलेननं 'हॉरेंडस डिस्क' पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवावी, मध्ये एकही गाजलेलं गाणं न घुसवता. पट्टी खुशाल खाली आणा. ध्वनिमुद्रण चांगलं करा आणि या वेळी ते तीन वर्षं अडकवून ठेवू नका, त्याच महिन्यात लोकांच्या हाती द्या.